त्यांच्या खांद्यावर वीणा होती

वेंकोबारावांचं तेरावं उरकून चार दिवस झाले तेव्हा लूर्दम्मा टीचर आल्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि दम खाऊन म्हणाल्या, "तुझा बाप मला कधी वर चढू देत नसे. टीचर, खाली दुकानातच बसा, कॉफी मीच घेऊन येतो, म्हणायचा. आणि निम्मी कॉफी जिन्यात सांडून यायचा."

कृष्णवेणी हसली. तेरा दिवसांत आलेल्या माणसांनी अण्णांबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं होतं, पण सांडलेल्या कॉफीची आठवण कोणी काढली नव्हती.

टीचर कानडीत बोलत होत्या आणि तीही कानडीतच उत्तरं देत होती. मराठी होती ती या माडीवर अण्णांशी बोलण्यापुरती आणि कोपऱ्यावरच्या विठ्ठलाच्या देवळात. आता माडीवर ती बोलायला कोणी उरलं नव्हतं. आई, तुंगाबाई, जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि कृष्णवेणी एकुलती एक. कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता तिची पंचेचाळिशी उलटली होती.

"रविवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली आहे," टीचर म्हणाल्या. "मूरु मनेतर्फे. तू दोन शब्द बोल. मोठं भाषण नको, मुलीसारखं बोल."

मूरु मने म्हणजे तीन घरं. विठ्ठल मंदिराची भजनी मंडळी, मागच्या गल्लीतली मशीद आणि टीचर जिथे प्रार्थनेला जात ते छोटं चर्च, या तिघांनी मिळून मंडी मोहल्ल्याची गाऱ्हाणी कचेरीत न्यायची असं पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ठरलं. त्याला ना पाटी होती ना शिक्का, लोकांनीच ते नाव पाडलं. ठरवणारे तिघे होते. देवळाकडून शिंपीकाम करणारे वेंकोबाराव, मशिदीकडून पत्र्याच्या ट्रंका बनवणारे बशीर साहेब आणि चर्चकडून लूर्दम्मा टीचर. बशीर साहेब सहा वर्षांपूर्वी गेले. आता अण्णा.

"आणखी एक गोष्ट आहे," टीचर म्हणाल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मेटगळ्ळीला हलवलेली माणसं येणार नाहीत. परवा मी स्वतः जाऊन आले. खमरुन्निसा म्हणाली, ज्याला आमच्या घरांपेक्षा वीणा मोठी वाटली, त्याच्या सभेला आम्ही कशाला यायचं? तिचं ऐकून बाकीच्याही मागे सरल्या."

"अजून?" कृष्णवेणीने विचारलं. "एकोणीस वर्षं झाली."

"घर तिचं गेलं. वर्षं आपण मोजतोय." टीचर उठल्या. "मलाही ते कधी नीट कळलं नाही गं. वेंकोबा असा माणूस नव्हता. पण बोलायचाच नाही त्याबद्दल. जाऊ दे."

टीचर एकेक पायरी उतरून गेल्या. पायांचा आवाज थांबेपर्यंत कृष्णवेणी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. त्यांना हाक मारून परत बोलवावं असं दोनदा तिच्या ओठांवर आलं. तिने हाक मारली नाही.

मूरु मनेचा एक नियम होता आणि तो बशीर साहेबांनी घालून दिला होता. आपलं गाऱ्हाणं आपण सांगायचं नाही. मशिदीचं काम असेल तर देवळाने बोलायचं, देवळाचं असेल तर चर्चने, चर्चचं असेल तर मशिदीने. "आपलं आपण सांगितलं की साहेब म्हणतो, तुम्हा लोकांचं नेहमीचंच आहे," बशीर साहेब सांगत. "दुसऱ्याने सांगितलं की साहेबाला आधी खुर्ची द्यावी लागते." चर्चच्या दफनभूमीत गटाराचं पाणी शिरत होतं, तेव्हा बशीर साहेब दाढीला मेंदी लावून कचेरीत गेले आणि येशूच्या माणसांना मेल्यावर तरी कोरडं झोपू द्या म्हणून तासभर भांडले. देवळाच्या बोळात दिवे नव्हते, ते लूर्दम्मा टीचरनी आणले. दोन्ही वेळा काम झालं. मोहल्ल्यातली माणसं हसायची, पण नियमाला मानायची.

सत्त्याऐंशी साली पाळी वेंकोबारावांची आली. देवळामागच्या गल्लीत एकतीस घरांची एक ओळ होती. सगळी विड्या वळणाऱ्या मुसलमान बायकांची घरं. पुरुष कोणी हमाल, कोणी टांगेवाले. मोक्याच्या जागेवर मोठी इमारत बांधू पाहणाऱ्या एका माणसाने 'भक्तजनांतर्फे' अर्ज टाकला. गल्ली अरुंद आहे, कार्तिकातल्या पालखीला अडचण होते, ओळ हटवून रस्ता रुंद करावा. पालखीला अडचण मुळीच नव्हती. उलट पालखीच्या दिवशी त्याच बायका पहाटे उठून गल्ली धुवून काढत आणि पालखी खमरुन्निसाच्या ओट्यापाशी थांबून पुढे जाई. देवळाने तसं लिहून दिलं होतं. पण कचेरीतला साहेब म्हणाला, कागद काय, कोणीही लिहील. देवळाच्या अध्यक्षाने सुनावणीला स्वतः येऊन सांगावं.

अध्यक्ष अण्णा होते. सुनावणी दुपारी तीनला होती आणि त्या दिवशी देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस होता.

सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकजण ती खांद्याला लावून उभा असतो, नाम चालू असतं. तीन तासांनी दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. पुढचा आला नाही तर पहिल्याने उभंच राहायचं. मध्येच अडचण आली तर हाक मारून दुसऱ्याला देता येते, त्याला बंदी नाही. पण तसं सहसा कोणी करत नसे. पहारा अर्धा टाकला, असं पुढच्या सप्ताहापर्यंत ऐकून घ्यावं लागे.

अण्णांचा पहारा नऊ ते बाराचा होता. त्याच्या आधल्या दिवशी पंगतीत भीमसेनरावांनी त्यांना सगळ्यांसमोर टोचलं होतं. भीमसेनराव मृदंग वाजवत आणि जीभही त्याच ठेक्यात चालवत. "वेंकोबा, वीणा तुझ्या खांद्यावर, पण कान त्या बशीरच्या ट्रंकेत ठेवलायस, अल्वा? उद्या कचेरीतनं हाक आली की देवाला टांगून पळशील."

"तीनला आहे कचेरी. पहारा बाराला संपतो," अण्णा म्हणाले.

"संपला तर बरं. अर्धा टाकलास तर पुन्हा वीणा मागायला येऊ नको बघ. सुम्ने, उगीच आपलं सांगतो."

पंगतीत हशा झाला. अण्णा खाली बघून जेवत राहिले. कृष्णवेणी वाढत होती. त्या वर्षी श्रावणात आई गेली होती आणि तेव्हापासून अण्णा असेच जेवत, पानाकडे बघत, मीठ कमी आहे की जास्त हे न कळता.

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातून रजा काढली होती आणि खाली दुकानात बसली होती. दहा वाजता फोन वाजला. लूर्दम्मा टीचर होत्या.

"वेणी, साहेबाने वेळ बदलली. तीनची अकराला केली. मी आणि बशीर साहेब इथेच आहोत. वेंकोबाला ताबडतोब पाठव. तो आल्याशिवाय काही होणार नाही."

"पाठवते," ती म्हणाली.

ती खरोखरच लगेच उठली. चपला घातल्या, दुकान शेजारच्या मालतीबाईंवर सोपवलं आणि देवळाकडे गेली. दोन मिनिटांचा रस्ता. देवळाच्या दारात ती पोहोचली तेव्हा अण्णा खांबाशी उभे होते. वीणा खांद्याला, डोळे अर्धे मिटलेले, पाय मंद हलत होते. आणि ते गात होते. नाम सगळेच घेतात, पण अण्णा गात होते, आई असताना शिवणयंत्रावर चालणाऱ्या पायाबरोबर गायचे तसे. आठ महिन्यांत तिने त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. आईच्या दुखण्याचे चार महिनेही त्यातच आले.

भीमसेनराव मृदंगामागून तिच्याकडेच बघत होते. ती कशासाठी आली असेल हे त्यांनी ओळखल्यासारखं तिला वाटलं.

अण्णांनी डोळे उघडले. दारात मुलगी दिसताच गाणं न थांबवता त्यांनी भुवया उंचावल्या. काय गे?

कृष्णवेणीने मान हलवली. काही नाही.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

पुढे तिने या एका क्षणाची पुष्कळ कारणं लावून पाहिली. साहेब लोकांचं अकरा म्हणजे एक, हे कोणाला माहीत नाही. बाराला पहारा संपला की रिक्षाने पंधरा मिनिटांत पोहोचता येईल. टीचर आहेत, बशीर साहेब आहेत, थोडा वेळ रेटून धरतील. ही सगळी कारणं तिला दारातून परत फिरल्यावर, रस्त्यात सुचली. दारात उभी असताना तिच्या मनात एवढंच होतं की आणखी दोन तास यांना असंच राहू दे.

बाराला पुन्हा देवळात जाण्याआधी तिने कचेरीत फोन लावला, तेव्हा कळलं की सुनावणी संपून अर्धा तास झाला होता.

बशीर साहेब नियमाला धरून गप्प बसले होते. टीचर बोलल्या, पण साहेबाने विचारलं, देवळाचे अध्यक्ष कुठे आहेत? साडेअकरापर्यंत वाट पाहून त्याने लिहिलं की ओळ हटवायला देवळाची हरकत नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीत गेले, त्यानंतर कितीतरी दिवस जात राहिले. पण कागदावर चढलेलं उतरलं नाही. पौषात एकतीस घरं पडली आणि त्यातल्या माणसांना मेटगळ्ळीच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. विडीचं पान-तंबाखू देणारा ठेकेदार मंडी मोहल्ल्यातच राहिला. मुलांची उर्दू शाळाही.

सुनावणीच्या संध्याकाळी टीचर दुकानात आल्या होत्या. अण्णा कापडाच्या टेबलाशी उभे राहून कात्री चालवत होते. बाराला ती देवळात गेली तेव्हा तिने एवढंच सांगितलं होतं की कचेरीतून फोन आला, सुनावणी आधीच होऊन गेली. फोन कधी आला हे अण्णांनी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं.

टीचरनी अण्णांकडे बघितलंच नाही. तिला विचारलं, "वेणी, तू त्याला निरोप दिलास ना?"

"मी लगेच देवळात गेले होते," कृष्णवेणी म्हणाली. "पण त्यांच्या खांद्यावर वीणा होती."

दोन्ही वाक्यं खरी होती. तिला आयुष्यभर सगळ्यात जास्त शरम याची वाटली. ती चांगली शिकलेली होती, शब्द कुठे ठेवला म्हणजे काय होतं हे तिला ठाऊक होतं.

कात्री थांबली. अण्णांनी वर बघितलं. दारात उभी असलेली मुलगी, हललेली मान, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकदा फिरून गेलं. तेवढ्या वेळात ते काहीही बोलू शकले असते. मग कात्री पुन्हा चालू झाली.

"टीचर, चूक माझी," ते म्हणाले. "बशीरला मी जाऊन सांगतो."

बस्स. घरात त्यानंतर या विषयावर एक शब्द निघाला नाही. बशीर साहेब मोठ्या मनाचे होते. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसले आणि अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "वेंकोबा, मैं होता तो मैं बी शायद नमाज नै तोडता. जाने दे." माडीवरून कृष्णवेणीने ते ऐकलं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर अण्णांना परवडलं असतं, असं तिला वाटलं. भीमसेनरावांनी तर देवळात त्यांचं कौतुकच केलं. कचेरीची हाक आली तरी वीणा सोडली नाही, याला म्हणतात निष्ठा. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः अण्णांना पहिला पहारा देऊ केला. अण्णा म्हणाले, खांदा दुखतो. खांदा त्यानंतर दर वर्षी दुखत राहिला.

ती रोज सांगायचं ठरवत होती. अण्णांना काय सांगायचं, त्यांना सगळं ठाऊकच होतं. सांगायचं ते बाकीच्यांना. आधी लाज वाटली. मग वाटलं, आता सांगितलं तर अण्णांनी झाकलेलं उघडं केल्यासारखं होईल. मग बशीर साहेब गेले आणि ज्यांना सांगायचं त्यांतलं एक माणूसच उरलं नाही. अशी एकोणीस वर्षं गेली. शेवटचे पंधरा दिवस अण्णा दवाखान्यात होते. एकदा त्यांना शुद्ध असताना तिने त्यांचा हात धरून म्हटलं, "अण्णा, त्या सप्ताहाचं..." त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "जेवलीस काय गे?" ती म्हणाली, हो. ती जेवली नव्हती.

शनिवारी दुपारी कृष्णवेणी मेटगळ्ळीच्या बसमध्ये बसली. रविवारच्या सभेत बोलण्याआधी हे खमरुन्निसाला सांगायला हवं, एवढं तिने रात्रभरात नक्की केलं होतं. पुस्तकांतली माणसं कबुली देऊन हलकी झालेली तिने खूप पाहिली होती. तिला हलकं व्हायचं नव्हतं. अण्णांवरचं ओझं तेवढं उतरवायचं होतं, निदान तिची तशी समजूत होती.

पत्र्याच्या खोल्यांच्या जागी आता विटांची घरं होती. खमरुन्निसा ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसली होती. साठीची बाई, चष्म्याला दोरी बांधलेली. बोटं विडी वळत होती, त्यांना तिच्या डोळ्यांची गरज नव्हती.

"शिंपी की बेटी," तिने ओळखलं. "टीचर ने भेजी क्या? मैं बोल दी उनको, मैं नै आती."

"बोलवायला नाही आले, खमरुन्निसा बी. एक सांगायचं आहे." कृष्णवेणी मोडकंतोडकं दखनी बोलायला लागली, मग ते जमेना तेव्हा कानडीत गेली. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. फोन दहा वाजता आला. मी देवळात गेले. अण्णांनी मला विचारलं, काय आहे. मी मान हलवली. त्यांना काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी वीणा त्याच क्षणी दुसऱ्याच्या खांद्यावर दिली असती. नंतर त्यांनी माझ्यासाठी सगळं आपल्यावर घेतलं.

सांगून झालं. खूप कमी वेळ लागला.

खमरुन्निसाची बोटं चालूच होती. एक विडी झाली, तिला दोरा बांधला, दुसरी घेतली. मग म्हणाली, "मेरी बडी बेटी सातवी में थी. यहाँ से उर्दू स्कूल दूर पड्या. छोड दी. मेरे बाजू बैठ के बीडी बांधना सीखी. तू कालेज में पढाती ना?"

"हो."

"हौ." तिने मान हलवली. त्यात राग नव्हता, नुसतं टिपून ठेवल्यासारखं होतं.

पलीकडच्या ओट्यावरची बाई कान देऊन ऐकत होती. खमरुन्निसाने तिच्याकडे बघितलं तशी ती आत गेली.

"तेरा बाप हर महीने आता था इधर," खमरुन्निसा म्हणाली. "मालूम क्या तुझे?"

कृष्णवेणीला माहीत होतं, पण सगळं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अण्णा कापडाचं गाठोडं घेऊन बसने कुठेतरी जात. काजं-बटणांचं काम बाहेर देतो, एवढंच सांगत.

"वो काम लाता था. ठेकेदार दूर हो गया, बीडी आधी हो गयी, तो औरतां कू काजं-बटन का काम दिया. मैं बी ली. पेट का सवाल था." तिने सूप बाजूला ठेवलं. "धूप में आता. ये सीढी पे बैठता. ब्लाउजां गिन के देता, गिन के लेता. बात करने कू देखता था, मैं मुँह फेर लेती. पहले पहले बोलता था, बेहन, मुझे माफ करो. फिर वो बी छोड दिया. पिछले साल आया तो हाथ काँप रहे थे. बैठ के बहुत देर साँस लिया."

चष्मा काढून तिने ओढणीच्या टोकाने पुसला, पण परत लावला नाही.

"उन्नीस साल. मैं उसकू एक बार बी नै पूछी, पानी पीते क्या."

कृष्णवेणीने अण्णा बसत त्या पायरीकडे बघितलं.

"तू जिंदे में बोली होती तो मैं तुझे गाली देती. तेरे बाप कू पानी देती. हिसाब हो जाता," खमरुन्निसा म्हणाली. "अब तू मरने के बाद ला के दे रही है. मैं क्या करूँ इसका? किसकू पिलाऊँ?"

तिने आवाज चढवला नव्हता. ती खरोखरच विचारत होती. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. दार तिने लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

कृष्णवेणी अण्णांवरचं ओझं उतरवायला आली होती. ते उतरलंही. पण उतरून ते कुठे ठेवलं गेलं हे तिला उघड्या दारातून दिसत होतं. आतल्या अंधारात एक बाई भिंतीला टेकून बसली होती आणि एका म्हाताऱ्याच्या एकोणीस वर्षांच्या शनिवारांकडे नव्याने बघत होती. सकाळपर्यंत तिच्याजवळ निदान तिचा राग होता.

कृष्णवेणी पायरीखालून मागे फिरली. बसच्या थांब्याकडे चालायला लागली. उद्या अकरा वाजता हेच पुन्हा एकदा सांगायचं होतं, टीचरसमोर, बशीर साहेबांच्या मुलांसमोर, देवळातल्या माणसांसमोर. कानडीत सांगावं की मराठीत, हे तिने अजून ठरवलं नव्हतं.